फळी बदलते तेव्हा: ऑलिंपिक विंडसर्फिंगमधील स्थित्यंतर

1. प्रश्न

1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग पहिल्यांदा आले. तेव्हापासून 2024 च्या पॅरिसपर्यंत अकरा ऑलिंपिक झाली आणि त्यांत पाच बनावटींच्या फळ्या वापरल्या गेल्या: विंडग्लायडर, लेशनर, मिस्ट्रल, आरएस:एक्स आणि आयक्यूफॉइल. चाळीस वर्षांत चार वेळा फळी बदलली. ऑलिंपिकचे ध्येय धरलेला खेळाडू कारकीर्दीत दोन-तीन ऑलिंपिक खेळतो, म्हणजे त्याच्या वाट्याला एखादे स्थित्यंतर येण्याची शक्यता मोठी असते. शिडाच्या शर्यतीत एकाच बनावटीच्या नावेला किंवा फळीला ‘क्लास’ म्हणतात. क्लास बदलला की खेळाडूच्या वर्षानुवर्षांच्या कमाईतले काय उरते आणि काय वाया जाते, हा या विवेचनाचा प्रश्न आहे.

माझे प्रतिपादन असे: विंडसर्फरचे कौशल्य तीन थरांचे असते. शरीर, हालचाल आणि निर्णय. स्थित्यंतरात तिन्ही थरांची झीज सारखी होत नाही आणि ती भरून यायला लागणारा काळही वेगवेगळा असतो. हा फरक ओळखून ज्याने तयारीचा क्रम लावला, तो तरतो.

2. यंत्र बदलले म्हणजे काय बदलले

आरएस:एक्स ही नील प्राइड कंपनीची फळी 2008 ते 2020 अशा चार ऑलिंपिकमध्ये होती. लांबी 286 सेंटिमीटर, खाली आत-बाहेर होणारे पाते, वर पुरुषांसाठी 9.5 आणि स्त्रियांसाठी 8.5 चौरस मीटरचे शीड. 2019 च्या शरद ऋतूत इटलीतील गार्डा सरोवरावर तोर्बोले येथे चाचण्या झाल्या आणि वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेने तिच्या जागी स्टारबोर्ड कंपनीची आयक्यूफॉइल निवडली. ही फळी फक्त 220 सेंटिमीटर लांब आहे. शीड पुरुषांना 9 आणि स्त्रियांना 8 चौरस मीटर. खरा फरक पाण्याखाली आहे. फळीला खाली 95 सेंटिमीटरचा खांब असतो आणि त्याच्या टोकाला आडवे पंख असतात. या जोडणीला ‘फॉइल’ म्हणतात. पुढच्या पंखाचे क्षेत्रफळ 900 चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड ए-फोर कागदाएवढे.

पंखाने मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर उचल चौपट होते. म्हणून एका ठरावीक वेगाला फळी पाणी सोडते, पाण्याचा विरोध एकाएकी घटतो आणि वेग आणखी चढतो. या पंखाला विमानासारखी हलणारी पट्टी नसते. उंची सांभाळायची ती खेळाडूच्या पावलांनीच. वेग वाढताना पुढच्या पायावर भार दिला नाही तर पंख पाण्याबाहेर डोकावतो, त्यावर हवा शिरते, उचल क्षणात नाहीशी होते आणि फळी नाकावर आपटते.

3. पहिला थर: शरीर

आरएस:एक्सच्या शर्यतीत शीड हाताने सतत खेचून ‘पंप’ करायला मुभा होती. हलक्या वाऱ्यात ही खेच सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाले. शिवाय पाण्यात बुडालेल्या फळीला प्रत्येक जादा किलो मागे ओढी. म्हणून हलके, काटक, लांब पल्ल्याच्या धावपटूसारखे दमदार शरीर तिथे जिंके.

फॉइलवर हिशेब उलटतो. फळी हवेत असल्याने वजनाचा दंड बराच कमी होतो आणि लाभ वाढतो. शिडातला वारा खेळाडूला उलथवू पाहतो. त्याला तोलून धरायला बाहेर झुकलेल्या शरीराचे वजन हाच आधार असतो. वजन जास्त तितका वारा जास्त काळ शिडात धरता येतो आणि तितका वेग मिळतो. मर्यादा एकच: अगदी मंद वाऱ्यात जड माणसाला फळी पाण्याबाहेर काढणे अवघड जाते. तिथे काही सेकंदांचा स्फोटक पंप लागतो, तासभराचा दम नाही.

म्हणजे जुन्या फळीवरच्या विजेत्याला आपले शरीर मुळापासून नव्याने घडवावे लागते, वजन वाढवावे लागते, तेही स्नायूंच्या रूपात. हे काही महिन्यांत होत नाही. तिन्ही थरांत शरीर सर्वांत हट्टी आहे, म्हणून त्याची सुरुवात सर्वांत आधी व्हायला हवी.

4. दुसरा थर: हालचाल

एकच हालचाल जवळून पाहू. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने थेट जाता येत नाही, नागमोडी जावे लागते. प्रत्येक वळणाला ‘टॅक’ म्हणतात. आरएस:एक्सवर टॅक घेताना खेळाडू डोलकाठीच्या पुढून पावले टाकत शिडाच्या दुसऱ्या बाजूला जातो. लांब फळी तोल सांभाळते. पाऊल थोडे चुकले तरी दोन-तीन खेचींत वेग परत येतो. आयक्यूफॉइलवर तोच टॅक आखूड, रुंद फळीवर आणि फार मोठ्या वेगात घ्यायचा असतो. पाऊल एक वीत मागे पडले की नाक वर जाते, पुढे पडले की खाली. फळी पाण्यावर टेकली तर पुन्हा उचलण्यात जे सेकंद जातात, तेवढ्यात उडत असलेला प्रतिस्पर्धी कितीतरी फळ्यांच्या लांबीचे अंतर काढतो.

इथे जुनी सवय शत्रू ठरते. मागच्या पायावर रेलण्याची, शिडाला ताणून घेण्याची सवय फॉइलवर नाक उचलते. अंगवळणी पडलेली हालचाल पुसून नवी बसवणे हे कोऱ्या पाटीवर लिहिण्यापेक्षा कठीण असते. म्हणूनच फॉइलवरच वाढलेले तरुण पुढे निघून जाऊ शकतात. मात्र हा थर शरीरापेक्षा लवचीक आहे. पाण्यावरचे तास वाढवले की तो बसतो.

5. तिसरा थर: निर्णय

वारा कुठून वळेल, झोत कुठे उतरेल, सुरुवातीच्या रेषेवर कोणती जागा धरायची, ही जाण क्लास ओलांडून सोबत येते. पण तीही जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. फळीचा वेग वाढल्याने वळणाची खूण असलेला बोया लवकर येतो आणि विचाराचा वेळ घटतो. टॅकची किंमत वाढल्याने वळणे कमी घ्यावी लागतात. म्हणून पहिल्या मिनिटात निवडलेली बाजू पूर्वीपेक्षा महाग पडते. वाऱ्याच्या दिशेतल्या बारीक फरकापेक्षा त्याचा जोर महत्त्वाचा ठरतो, कारण जोर सुटला की उडणेच थांबते. थोडक्यात, ज्ञान तेच राहते, त्यातली वजने बदलतात.

6. स्पर्धेची रचना

पॅरिसच्या विंडसर्फिंग शर्यती मार्सेलला झाल्या. तिथे फळीबरोबर निकालाची रीतही बदलली होती. आरएस:एक्समध्ये सर्व शर्यतींचे गुण साठत आणि दुप्पट गुणांच्या पदक शर्यतीत शेवटचा निकाल लागे. मार्सेलला स्त्रियांच्या गटात पहिल्या फेरीतली अव्वल खेळाडू थेट अंतिम फेरीत गेली. दुसरी-तिसरी उपांत्य फेरीत आणि चौथी ते दहावी उपांत्यपूर्व फेरीत. अंतिम शर्यत तिघींची, आणि तिथे मागचे गुण शून्य.

ब्रिटनच्या एमा विल्सनने टोकियोत आरएस:एक्सवर कांस्य मिळवले होते. मार्सेलला आयक्यूफॉइलवर पहिल्या फेरीत तिने निम्म्याहून अधिक शर्यती जिंकल्या आणि थेट अंतिम फेरी गाठली. त्या एका शर्यतीत इटलीची मार्ता मॅजेत्ती पहिली आली, इस्रायलची शेरॉन कँटोर दुसरी, विल्सन तिसरी. तिन्ही थरांचे स्थित्यंतर तिने उत्तम साधले होते. तरी सातत्याचे मोल ठरवणारी रीतच बदलल्याने पदकाचा रंग तोच राहिला. माझ्या मते आठवडाभराचे सातत्य एका शर्यतीवर टांगणे हा खेळाच्या गुणवत्तेवर अन्याय आहे. पण खेळाडूला ते गृहीत धरूनच सराव आखावा लागतो.

7. दोन वाटा

नेदरलँड्सचा किरान बाडलू हा टोकियोचा आरएस:एक्स विजेता. प्रत्येक देशाला एकच जागा असते. पॅरिससाठी ती लुक व्हान ओप्झेलँडला मिळाली आणि त्याने कांस्य आणले. नवा क्लास 2019 मध्ये ठरला होता, पण टोकियो ऑलिंपिक 2021 वर गेले. ज्यांना टोकियो गाठायचे होते, त्यांचे मोठे लक्ष्य तोवर जुन्या फळीवरच होते. बाकीच्यांना नव्या फळीवर मोकळेपणाने घाम गाळता आला. विजेत्याच्या यशातच असा विलंब दडलेला असतो.

दुसरी वाट फ्रान्सच्या शार्लीन पिकोंची. रिओत सुवर्ण, टोकियोत रौप्य, दोन्ही आरएस:एक्सवर. त्यानंतर ती फॉइलवर न जाता सारा स्टेयार्टबरोबर फोर्टीनाइनर एफएक्स या दोघींच्या वेगवान नावेत गेली आणि मार्सेलला दोघींनी कांस्य जिंकले. शरीर आणि हालचाल तिला जवळजवळ शून्यातून घडवावी लागली, वर जोडीदाराशी एकतान होण्याचा चौथा थर आला. तरी तीन वर्षांत पदक मिळाले. निर्णयाचा थर दूरच्या क्लासमध्येही सोबत येतो, याचा याहून ठळक पुरावा मला दिसत नाही.

8. भारतासाठी निष्कर्ष

2018 च्या आशियाई स्पर्धेत गोव्याच्या कात्या आणि डेन कुएल्हो या बहीण-भावांनी आरएस:वन या वेगळ्याच फळीवर भारताचे प्रतिनिधित्व केले. 2023 च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत आरएस:एक्स आणि आयक्यूफॉइल या दोन्हींच्या शर्यती झाल्या. तिथे ईबाद अलीने आरएस:एक्सवर भारताला कांस्य मिळवून दिले. त्या पदकाचे मोल कमी नाही, पण ती फळी तोवर ऑलिंपिकमधून गेलेली होती. आपली मुले अशी फळ्यांच्या सांध्यावर अडकतात.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, लहान वयात निर्णयाचा थर पक्का करावा. कोणत्याही स्वस्त फळीवर, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर सकाळच्या मंद आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात तो शिकता येतो. दोन, नव्या क्लासची घोषणा होताच शरीरघडणीचा कार्यक्रम सुरू व्हावा, फळी हाती येण्याची वाट पाहू नये. तीन, फळी, शीड आणि फॉइल यांचा खर्च एकट्या घराला पेलणारा नसतो. संघटनेने ते साहित्य निर्णयाच्या वर्षीच सरावकेंद्रात आणून ठेवावे. पहिल्या दोन गोष्टी खेळाडूच्या आणि प्रशिक्षकाच्या हातात आहेत, तिसरी नाही. आयक्यूफॉइलवर आज जग आपल्यापुढे आहे ते मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीमुळे, आणि पुढची फळी ठरेल त्या दिवशी ही उणीव भरून काढायची संधी पुन्हा येणार आहे.