गाढीच्या पात्रातून, 1986

फेब्रुवारी 1986. पनवेलचा टपाल नाका, सकाळचे साडेसहा, आणि तुम्ही दहा वर्षांचे आहात. अंगात आईनं विणलेला स्वेटर, पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट. हेल्मेट नाही, ते असावं, असं घरात कुणाच्या मनातही आलेलं नाही. बाबा येझदी मोटरसायकलच्या गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवतात. या गाडीत तोच दांडा किकचंही काम करतो. नवखा माणूस किक शोधत राहतो, तुम्ही मात्र गालात हसता.

सुकापूर मागे पडतं, नेरे येतं. द्रुतगती मार्ग व्हायचाय, मुंबईची लोकल इथं 1998 साली पोचणार. गाढी नदी खाली जिथं खाडीला मिळते, तिथली उलव्याची टेकडी अजून जागेवर आहे. तिच्या जागेवरून 2025 साली विमानं उडतील, पण ते बाबांना सांगू नका, हसतील.

देहरंगचं धरण गेलं की बाबा रस्ता सोडतात. मुद्दाम. पावसाळ्यात कुणाला उभं राहू न देणारा गाढीचा ओढा आता डबक्याडबक्यांत तुटलाय आणि मधे नुसते गोटे पसरलेत. उजवीकडे प्रबळगड, डावीकडे चंदेरीची रांग, समोर माथेरानची भिंत. कड्यांवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्हाचे थर. त्यांतलेच तुकडे पाण्यानं गोल झालेत आणि आता चाकाखालून निसटतायत.

‘‘उठ!’’

तुम्ही फुटरेस्टवर उभे राहता. हात बाबांच्या खांद्यांवर, गुडघे सैल. बसून राहिलात तर प्रत्येक धोंडा थेट मणक्यात शिरतो. गाडी डावीकडे कलली की तुम्ही उजवीकडे भार द्यायचा, आणि बाबांनी सांगायच्या आधी. डांबरी रस्त्यावर मागे बसलेलं पोर हे सामानच असतं, पिशवीसारखं. इथं तुम्ही चुकलात तर दोघं पडता. मुलाला विश्वासानं कामाला लावायची याहून चांगली शाळा मला तरी ठाऊक नाही, पण हे आजच्या पालकांपुढे बोलायची सोय नाही.

पुढे पाणी, गुडघ्याच्या खाली. बाबा तुम्हाला उतरवतात. ‘‘आधी चालून बघ, खाली वाळू आहे की चिखल?’’ तुम्ही बूट हातात घेऊन शिरता. पाणी बर्फासारखं, तळाशी गोटे. ओरडून सांगता. बाबा पहिल्या गिअरमध्ये गाडी घालतात आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडत नाहीत. सायलेन्सर पाण्यात असताना इंजिन मंदावलं, तर पाणी आत ओढलं जाईल. निळा धूर पाण्यावरच रेंगाळतो.

पलीकडे जाऊन गाडी बंद पडतेच. इतका वेळ हळू चाललेलं टू-स्ट्रोक, पेट्रोलमधलं ऑइल प्लगवर बसणारच. तुम्ही न सांगता हत्यारांच्या डब्यातून पाना काढून देता. काळा, ओला प्लग. बाबा तो पॉलिश पेपरनं घासतात आणि म्हणतात, ‘‘त्या नव्या हीरो होंडाला हे करावं लागत नाही म्हणे.’’ सुरात हेवा आहे की तुच्छता, कळत नाही. याच हिवाळ्यात, 14 जानेवारीला, पॅरिस-डाकार शर्यत सुरू करणारा थिएरी साबीन मालीच्या वाळवंटात हेलिकॉप्टर कोसळून गेला. बाबांनी ते नाव ऐकलेलं नाही. त्यांच्या हातांना फक्त काळं ऑइल लागलंय आणि ते खुशीत आहेत.

धोदाणीला वाट संपते. वर माथेरानचा सनसेट पॉइंट. तिथून टोपल्या रिकाम्या करून ठाकर बाया कडा उतरून येतायत. त्यांतली एक गाडीकडे बघून विचारते, ‘‘वर न्यायची काय?’’ माथेरानला मोटारींना बंदी आहे, हे तिला तुमच्याहून चांगलं ठाऊक आहे. सगळ्या हसतात. बाबाही.

परतताना ते टाकीवर थाप मारून म्हणतात, ‘‘आता वाट तू सांगायची. मी फक्त चालवणार.’’

पहिलाच उतार. उजवीकडे ओला कातळ, डावीकडे सुटे गोटे. तुम्ही उभे राहता.

‘‘डावीकडून, बाबा. आणि ब्रेक लावू नका.’’