चव्वेचाळीस हात तार

हौशी रेडिओ सुटला आणि परत हाती आला, असं होणारा मी काही पहिला नव्हे. १९३९ साली महायुद्ध पेटलं तेव्हा इंग्रज सरकारनं देशातल्या सगळ्या हौशींचे परवाने रद्द केले आणि यंत्रं पोलिसांकडे जमा करायला लावली. छंदाला एवढं कशाला भ्यायचं? पण ती भीती खोटी नव्हती. मुंबईचे नरिमन प्रिंटर असेच एक परवानेवाले हौशी. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला, त्याचा प्रक्षेपक उभारण्यात प्रिंटरांचा हात होता. पोलीस मागावर, म्हणून जागा सारख्या बदलायच्या. १२ नोव्हेंबरला धाड पडली आणि तो आवाज बंद झाला. युद्ध संपल्यावर हौशी हळूहळू परतले. १९४८ मध्ये महूला त्यांचा क्लबही निघाला.

ही गोष्ट आम्ही शाळेत ऐकलेली, पण लहरलांबी कुणी सांगितली नव्हती. ती होती ४२.३४ मीटर. हिशेब केला तर ७.०८ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे आज आम्ही हौशी ज्याला ‘चाळीस मीटर’ म्हणतो तोच पट्टा! उषाताई आमच्याच आळीत बोलून गेल्या म्हणायच्या.

भिवंडीजवळच्या आमच्या गावात मी परवाना काढला तेव्हा मोर्स आल्याशिवाय सुटका नव्हती. पोस्टातल्या एका तारमास्तरांनी रोज संध्याकाळी पितळी चावीवर बोट वळवून घेतलं. (आता खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही. बरं झालं, पण पोरांची मजा गेली.) तेव्हा आमचा वैरी म्हणजे यंत्रमाग. शेजारच्या शेडमध्ये मोटारी फिरायला लागल्या की हेडफोनात नुसती खरखर. भिवंडी भारनियमनाला शिव्या घालायची. मी मात्र वीज कधी जाते याची वाट बघायचो. माग थांबले की बॅटरीवर सेट लावायचा, आणि त्या शांततेत थेट केरळातला माणूस शेजारी बसल्यासारखा बोलायचा.

मग नोकरी, पोरं, मोबाइल. वीस वर्षं सेट माळ्यावर राहिला. निवृत्तीनंतर खाली काढला, फुगलेले कपॅसिटर बदलले, आंबा आणि चिंचेच्या मध्ये तार ताणली. सेट सुरू झाला तशी आई पडवीतून म्हणाली, “ह्यो डबा परत बोंबलाला लागला का रं?” खरखर होतीच, आता ती एलईडी दिव्यांची आणि चार्जरांची. तरी पहाटे हुबळीकडून उत्तर आलं. माझं कॉलसाइन त्यानं दोनदा विचारून घेतलं.

या पट्ट्याला अर्ध्या लहरीची तार लागते: वीस मीटर, आमच्या मापानं चव्वेचाळीस हात. म्हणजे तेवढं मोकळं आभाळ हवं. गावाच्या तिन्ही अंगांना गोदामांचे पत्रे आलेत. चिंच उभी आहे तो तुकडा धाकट्या भावाच्या नावावर, आणि दलाल दर आठवड्याला त्याच्या दारात. त्याच्या पोरीचं लग्न पुढ्यात आहे, त्यामुळे त्याला नको तरी कसं म्हणू? चिंचेपुरती चार गुंठे मला दे, दराचं तू सांग, एवढंच बोललोय. “बघतो, दादा,” म्हणाला. त्याला महिना होत आला.