नांदेडच्या वाचकाचे पत्र

रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ १९६८ साली आली. ती अनेकांनी वाचली आणि अनेकांच्या घरात अजून आहे. तिच्या आरंभी छापलेले नरहर कुरुंदकरांचे दीर्घ पत्र मात्र बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात. मी उलटे केले. पत्र चार-पाच वेळा वाचले, कादंबरी एकदाच. कुरुंदकर तेव्हा जेमतेम पस्तीस-छत्तीस वर्षांचे होते आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत होते. इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झालेला हा माणूस त्या काळच्या नावाजलेल्या कादंबरीकाराला काय सांगतो? कोणत्या गोष्टीला पुरावा आहे, कोणती बखरकाराची भर आहे, कोणती दंतकथा सोडून द्यावी, हे तो उलगडून दाखवतो. पण त्याचा गाभ्याचा प्रश्न वेगळाच आहे. महाराजांच्या मृत्यूनंतरही माणसे वर्षानुवर्षे लढत राहिली. त्यांना हे राज्य आपले का वाटले? या प्रश्नाला पराक्रमाच्या वर्णनाने उत्तर मिळत नाही, आणि कादंबरीकाराला तर ते चुकवताच येत नाही.

मी या पत्राकडे समीक्षा म्हणून पाहत नाही. माझ्या लेखी ती एका वाचकाची मागणी आहे. पुढे ‘धार आणि काठ’मध्ये कुरुंदकरांनी मराठी कादंबरीच्या वाटचालीचाच हिशेब मांडला. लेखकावर माया आहे म्हणून त्याला सूट द्यायची, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. १९८२ च्या फेब्रुवारीत ते गेले, वयाच्या पन्नाशीआधी. त्यानंतरच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांत आमच्या भागातल्या कथा-कादंबरीकडे असे पत्र कोणी धाडले नाही. आमच्याकडे प्रस्तावना भरपूर निघतात. त्या वाचून कळते की लेखक लेखकाचा स्नेही आहे.

हा वाचक नांदेडातच का घडला, याला इतिहास आहे. निजामी राज्यात वरचे शिक्षण उर्दूतून होते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले तेच उर्दू माध्यम घेऊन. सभा भरवायची तर ‘गश्ती निशाण ५३’ आडवे येई, परवानगीशिवाय काही नाही. अशा ठिकाणी मराठी पुस्तक वाचणे ही निव्वळ करमणूक राहत नाही. परभणीचे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत आणि मराठीत कथा, कविता, कादंबऱ्या लिहीत. दफ्तर उर्दूत, मन मराठीत. त्यांची ‘आडगावचे चौधरी’ आज किती जणांच्या कपाटात असेल? पुण्या-मुंबईच्या वाङ्मयेतिहासांनी त्यांना दोन-चार ओळींत आटोपले, हे मी समजू शकतो. आम्हीही तेवढ्यावरच समाधान मानले, हे मला समजत नाही.

पुढचा टप्पा लातूरचा. लातूर तालुक्यातल्या काटगावात जन्मलेल्या रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ साली आली. एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, अथपासून इतिपर्यंत आमच्या बोलीत सांगितलेली ही गोष्ट आहे. मोठी घटना म्हणावी असे तिच्यात फार नाही. गावातल्या बलदंड माणसाशी वाकडे आले की एका कारागिराचे घर कसे वाळत जाते, एवढेच. पण त्या बाईच्या बोलण्यातून गावाची सत्ता दिसते, नवऱ्याचा हट्ट दिसतो आणि तिचे स्वतःचे मोजूनमापून जगणेही दिसते. इथे बोली सजावटीला आणलेली नाही. तो त्या बाईचा विचार करण्याचा मार्ग आहे. बोराडे २०२५ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांत ‘ग्रामीण साहित्याचे शिलेदार’ हे शब्द पुष्कळ वाचले. ‘पाचोळा’तली बाई नेमके काय करते, हे सांगणारे लेख थोडे.

माझी चीड इथून सुरू होते. ‘पाचोळा’नंतर बोली सोपी वाटू लागली. संवादात चार शब्द मोडून टाकले की गाव तयार. अलीकडच्या ज्या कादंबऱ्या माझ्या हाती पडतात त्यांतले गाव बहुधा १९७० चेच असते. पाटील तोच, पारही तोच, रानात ज्वारीची कणसे डोलतात. लातूरच्या आडतीत मात्र गेली कितीतरी वर्षे बोलबाला आहे तो सोयाबीनचा. शेतकरी भाव मोबाईलवर पाहतो. त्याचा मुलगा शिकवणीच्या फीसाठी शेत गहाण टाकायला लावतो आणि वडील ते टाकतात. हा व्यवहार, त्यातली आशा, त्यातली फसगत कथेत क्वचितच येते. शेवटच्या पानावर मात्र आत्महत्या येते. पिकाचा खर्च, सावकाराचा दर, बायकोने लपवलेली चिठ्ठी यांपैकी काहीच आधी न दाखवता जो लेखक शेवटी दोर आणतो, त्याला त्या मरणाचा काय अधिकार? (भाषा कठोर वाटेल. वाटू द्यावी.)

सगळे तसे नाही. शेषराव मोहिते लातूरचे, कृषी शाखेचे प्राध्यापक, शेतकरी चळवळीतले. ‘असं जगणं तोलाचं’ आणि ‘धूळपेरणी’त शेती देखावा म्हणून येत नाही, हिशेब म्हणून येते. परभणीच्या आसाराम लोमटे यांना ‘आलोक’ या कथासंग्रहासाठी २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथेतले गाव आजचे आहे, तिथल्या सत्तेने नवे कपडे घातले आहेत. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ तर शाळेच्या पुस्तकातून कित्येकांना माहीत आहे. बाजारात टोमॅटोला भाव नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी आहे. म्हणजे आमच्या मातीत लिहिणारे नाहीत, ही तक्रार खोटी ठरेल.

तक्रार वेगळी आहे. ज्या दोन घटनांनी हा प्रदेश मुळापासून हलवला, त्यांच्यावर मला हवी तशी कादंबरी अजून मिळालेली नाही.

एक, किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. घरांनीच माणसे मारली. सुमारे १०,००० माणसे गेली. ५२ गावे उठवून नव्या जागी वसवली. मरणाचे वर्णन करणे सोपे आहे. मला वाचायचे आहे ते त्यानंतरचे. गल्लीबोळांचे गाव जाऊन सरळ रेषांची वसाहत आली तेव्हा शेजार कुठे गेला? मदतीच्या रकमेचा वारस ठरवताना भाऊ भावाशी काय बोलला? बायको गमावलेला आणि नवरा गमावलेली यांची वर्षभरात लग्ने लागली, त्या घरांत रात्री कोणाची नावे घेतली गेली? शेकडो मुले शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला गेली, ती आज चाळिशीच्या आगेमागे असतील. त्यांच्यातला कोणी लिहीत असेल, अशी माझी आशा आहे.

दुसरी घटना, सप्टेंबर १९४८. रझाकारांचे अत्याचार आमच्या घराघरांत सांगितले गेले, ते खरे आहेत. पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, ते घरांत सांगितले गेले नाही, तेही खरे आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे पथक त्या वर्षाअखेर फिरले. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी नांदेड आणि उस्मानाबाद धरले, आणि लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. अहवाल दशकानुदशके दडून राहिला. कुरुंदकरांनी ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ लिहिले, अनंत भालेरावांनी मुक्तिसंग्रामाचा मोठा इतिहास लिहिला. कादंबरीचे काय? शेजारच्या तेलंगणावर कृष्णचंदर यांची उर्दू ‘जब खेत जागे’ आहे, दाशरथी रंगाचार्यांची तेलुगू ‘चिल्लर देवुळ्ळू’ आहे. फाळणीवर भीष्म साहनींची ‘तमस’ १९७३ साली, म्हणजे पाव शतकाने आली. आम्हाला पाऊण शतक उलटून गेले. दोन्ही बाजूंची भीती एकाच घरात, एकाच गल्लीत दाखवू शकेल असा प्रकार कादंबरीच आहे. अहवालाला ते जमत नाही, आणि भाषणाला तर नाहीच.

अडचण धैर्याची आहेच, पण वाचनाचीही आहे. त्या काळचे बरेचसे दफ्तर उर्दूत आहे, त्याआधीचे काही मोडीत. तारखा फसली सनात. ती लिपी घडाघड वाचणारी पिढी आता नव्वदीत आहे, रोज कमी होते आहे. मी चाळिशी ओलांडल्यावर एका निवृत्त पेशकारांकडून उर्दू अक्षरे शिकलो. हस्ताक्षर शिकस्ता असेल तर अजून अडखळतो, पण छापील आणि बरे लिहिलेले वाचू शकतो. नांदेड-लातूरकडच्या कोणा तरुण कादंबरीकाराला घरातले जुने खत, खासरा पत्रक किंवा अर्ज वाचून हवा असेल, तर त्याने जरूर घेऊन यावे. दुपारी तीननंतर मी घरीच असतो.