जड स्टेअरिंग आणि ड्रायव्हरचे खांदे

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली. त्यावर परवा कराडात टपरीवर एक मालक म्हणाले, "आता काय, ड्रायव्हर झोपा काढणार!"

मला तीस वर्षांपूर्वीचं वाक्य आठवलं. माझे वडील टाटा 1210 चालवायचे. "शेठ, पावर स्टेअरिंग बसवून घेऊ," असं ते एकदा म्हणाले, तर मालकांचं उत्तर होतं, "तुला गाडी चालवायचीय का फिरायला जायचंय?"

साधं स्टेअरिंग म्हणजे काय, ते आजच्या पोरांना कळायचं नाही. उसानं भरलेली गाडी रानातल्या चिखलातून वळवताना वडील सीटवरून अर्धे उठायचे आणि अख्खं अंग चाकावर टाकायचे. क्लीनरला पहिली शिकवण एकच असायची: अंगठा चाकाच्या आत घालू नको. पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टेअरिंग उलटं फिरायचं आणि अंगठा मोडायचा.

गंमत बघा, यावरचा उपाय ट्रकवाल्यानंच शोधला होता. अमेरिकेत पियर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर होता. अवजड गाडी वळवायचे हाल त्यानं बघितले होते. नोकरी सोडून त्यानं मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला छोटं वर्कशॉप घेतलं आणि इंजिनवर पंप चालवून तेलाच्या दाबानं चाकं वळवली. 1926 मध्ये जनरल मोटर्सशी करार झाला. पुढं मंदी आली आणि 1934 मध्ये तो मोडला. खर्च परवडत नाही म्हणे! दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या अवजड गाड्यांना मात्र तो परवडला. बाजारात आलं ते 1951 मध्ये, तेही क्रायस्लरच्या इंपीरियल या महागड्या कारमध्ये. दुखणं ट्रक ड्रायव्हरचं, औषध आधी कारवाल्या साहेबाला!

आपल्याकडं टेल्कोनं 1954 मध्ये डायम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. इंजिन दणकट, चासी दणकट, आणि स्टेअरिंग ड्रायव्हरच्या मनगटावर. 1981 मध्ये झेडएफ स्टेअरिंग गिअर ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना आपल्या पुणे जिल्ह्यातल्या वढू बुद्रुकला आहे. म्हणजे वस्तू दारात बनायला लागली, पण जुन्या गाड्या तशाच जड पळत राहिल्या.

मग गॅरेजवाले मिस्त्री पुढं आले. साधा बॉक्स काढायचा, पावरचा बसवायचा. इंजिनवर पंप, तेलाची टाकी, दाब सोसणारे पाइप. ड्रॉप आर्म जुळला पाहिजे, नाहीतर एका बाजूला गाडी कमी वळते. चासीवरचा ब्रॅकेट मजबूत पाहिजे, कारण सगळा जोर तिथंच येतो. आमच्या मिस्त्रींनी वडिलांना बजावलं होतं, "दादा, इंजिन बंद करून घाट उतरायचा नाही. पंप थांबला की हे पहिल्यापेक्षा जड होतं." डिझेल वाचवायला तेव्हा सर्रास इंजिन बंद करायचे, म्हणून मालकांना तोही खर्चच वाटला.

शेवटी आमच्या गाडीला पावर बसलं. निम्मे पैसे वडिलांच्या पगारातून कापले. पहिल्या दिवशी कुंभार्ली घाट उतरून ते चिपळूणला पोचले आणि घरी फोन करून एवढंच म्हणाले, "एका हातानं वळती गं!" पण उजवा खांदा तोवर गेलेला होता. आजही त्यांना तो हात डोक्यावर नेता येत नाही.

आज पावर स्टेअरिंगला कुणी चैन म्हणत नाही, आणि त्यामुळं कुठला ड्रायव्हर झोपल्याचंही मी ऐकलेलं नाही. मे महिन्यात केबिनमध्ये भाजून निघणाऱ्या माणसाला गारवा द्यायचा म्हटलं, की लगेच हिशोब निघतो. त्या हिशोबात खांदे कधीच धरलेले नव्हते.

तुमच्या घरात कुणी जुन्या गाडीवर होतं का? त्यांचे हात कसे आहेत आज? खाली लिहा.