फिरता रंगमंच आणि एक उपरणं

८ ऑक्टोबर १९६२. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग दिल्लीत झाला. नाटक बेतलेलं होतं गाजलेल्या काझी खटल्यावर. खटला रंगमंचावर आणताना पहिली अडचण जागेची. साक्षीदार बोलतो कोर्टात, प्रेक्षकाला बघायचं असतं त्याच्या घरात काय घडलं ते. प्रत्येक साक्षीला पडदा पाडून सेट बदलला तर रंग उतरणारच.

मो. ग. रांगणेकरांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकाने फिरता रंगमंच वापरला. गोल चौथरा, मधे आडोसा. पुढे एक प्रवेश चालू असताना मागे दुसरा मांडून तयार. युक्ती जुनी. जपानच्या काबुकीत ती अठराव्या शतकापासून आहे, युरोपात म्युनिकला १८९६ मध्ये आली. पण सेट जितका झटपट बदलेल तितकी नटाची पंचाईत! लखोबा लोखंडे ते राधेश्याम महाराज अशी पाच रूपं प्रभाकर पणशीकरांना त्याच वेगाने बदलायची होती. लोकांना पणशीकर आठवतात, चौथरा फिरवणारे हात कुणाला आठवत नाहीत.

शिवाय काबुकीचा चौथरा नाट्यगृहातच बांधलेला असतो. मराठी नाटक मात्र दौऱ्यावर जगतं. सेट ट्रकमध्ये चढला पाहिजे, दुपारी उभा राहिला पाहिजे आणि रात्री सुटला पाहिजे. आपल्याकडच्या नेपथ्याचा खरा हिशोब इथे होतो, कलेच्या चर्चेत तो फारसा येत नाही.

औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी हाच हिशोब उलटा मांडला. त्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये मराठवाड्यातलं गाव आहे, विमान आहे, लंडन आहे आणि बावन्न पात्रं आहेत. रंगमंचावर माणूस मात्र एकच, हातात उपरणं. सेट नाहीच. उपरणं डोक्यावरून आलं की बाई उभी, खांद्यावर गेलं की गडी. जागा बदलते ती आवाजाने आणि नजरेने. हे काटकसरीचं नाटक, असं म्हणणं मला पटत नाही. इथून जवळच पैठणला एकनाथांनी भारुडं रचली. त्यांत जोशी, गोंधळी अशी किती सोंगं एकाच अंगावर चढतात! देशपांड्यांचा प्रेक्षक त्या खेळात आधीच मुरलेला होता.

देशपांडे २००९ मध्ये गेले. ‘वऱ्हाड’ पुढे संदीप पाठक करू लागले. त्या प्रयोगाला ट्रक लागत नाही.