स्वच्छ आवाजाचा वाकडा इतिहास

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या मुलांच्या घरी हल्ली एक लहानशी पेटी दिसते. तिला ‘मॉडेलिंग अ‍ॅम्प्लिफायर’ म्हणतात. तिच्यावरचे एक बटण फिरवले की गिटारचा आवाज १९५० च्या दशकातल्या एखाद्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आल्यासारखा येतो. आणखी थोडे फिरवले की दुसऱ्याच देशातला, दुसऱ्याच दशकातला अ‍ॅम्प्लिफायर हजर होतो. आत व्हॉल्व्ह बहुधा एकही नसतो. असते ती एक चिप आणि तिच्यासाठी लिहिलेले गणित. गुरगुरणारा, फाटका, खरखरीत आवाज ही पेटी चुटकीसरशी काढते. तिचे अडते ते साध्या आवाजाशी. छेडलेली तार जशी आहे तशीच, फक्त मोठी ऐकू यावी एवढीच आपली अपेक्षा असते. पण तो ‘क्लीन’ आवाज एक तर पातळ आणि निर्जीव लागतो, नाही तर जरा जोरात छेडताच कडकडत फुटतो.

जे सर्वांत सोपे असायला हवे तेच अवघड का व्हावे? याचे उत्तर शोधायला आपल्याला टेलिफोनच्या तारांपर्यंत मागे जावे लागते.

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन अग्रांचा व्हॉल्व्ह बनवला आणि दुबळा विद्युत्‌संकेत मोठा करण्याचे साधन हाती आले. आदर्श वर्धकाचा आलेख काढला, आडव्या अक्षावर आत जाणारा संकेत आणि उभ्या अक्षावर बाहेर येणारा, तर तो सरळ रेषा असायला हवा. व्हॉल्व्हचा आलेख मधल्या भागात जवळजवळ सरळ आणि दोन्ही टोकांना वाकलेला असतो. संकेत लहान असेल तर तो सरळ भागातच राहतो. मोठा झाला की वाकलेल्या भागात शिरतो आणि त्याचा आकार बदलतो. या बदलाला विरूपण म्हणतात. २०० हर्ट्‌झचा शुद्ध स्वर अशा वाकड्या आलेखातून गेला की ४००, ६००, ८०० हर्ट्‌झ असे पटीतले स्वर, म्हणजे हार्मोनिक, त्याच्यासोबत जन्माला येतात. एकदम दोन स्वर आत गेले तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही बाहेर पडतात.

टेलिफोन कंपन्यांना हेच नको होते. एकाच तारेवरून अनेक संभाषणे वेगवेगळ्या वारंवारतांवर पाठवायची, वाटेत ठिकठिकाणी वर्धक बसवायचे, आणि प्रत्येक वर्धकाने थोडीथोडी सरमिसळ करायची, असे झाले तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात उतरणार. बेल प्रयोगशाळेतले तरुण अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक या प्रश्नामागे अनेक वर्षे लागले होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्यांना उत्तर सुचले आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्यांनी समीकरणे मांडली. कल्पना अशी : बाहेर पडणाऱ्या संकेताचा लहानसा भाग उलटा करून पुन्हा आत सोडायचा. हाच ‘निगेटिव्ह फीडबॅक’.

वर्गात फळ्यावर हा हिशेब अवश्य करून पाहावा. समजा एक वर्धक संकेत १०,००० पट मोठा करतो. बाहेरच्या संकेताचा शंभरावा भाग उलटा करून आत सोडला, तर वर्धन १०,००० भागिले (१ + १०,००० × १/१००), म्हणजे १०,००० भागिले १०१, सुमारे ९९ पट उरते. नुकसान मोठे दिसते. पण तेवढाच मोठा संकेत बाहेर काढताना होणारे विरूपणही साधारण त्याच १०१ ने भागले जाते. आता व्हॉल्व्ह जुना होऊन मूळचे वर्धन निम्मे, म्हणजे ५,००० पट झाले असे धरा. फीडबॅकसह ते ५,००० भागिले ५१, म्हणजे ९८ पट राहते. व्हॉल्व्ह निम्मा निकामी झाला तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही! मुद्दाम मिळवलेले वर्धन असे उधळून टाकायचे ही गोष्ट त्या काळी इतकी विचित्र वाटली की ब्रिटिश पेटंट कार्यालयाने आपल्या अर्जाची गत शाश्वत गतियंत्राच्या अर्जासारखी केली, असे ब्लॅक यांनी पुढे लिहून ठेवले आहे. अमेरिकेत अर्ज १९२८ साली केला, पेटंट १९३७ साली मिळाले.

योगायोग असा की पहिल्या यशस्वी इलेक्ट्रिक गिटारचे जॉर्ज बोशाम्प यांचे पेटंटही १९३७ चेच. ही गिटार १९३१ साली लॉस एंजेलिसमध्ये घडली आणि पुढच्या वर्षी बाजारात आली. तबल्याची थाप किंवा ट्रंपेटचा आवाज यांच्यापुढे गिटार कधीच टिकत नसे. वाद्यवृंदात ती ऐकू यावी एवढाच या शोधाचा हेतू होता. तेव्हाचे वर्धक मात्र दहा-पंधरा वॅटचे. आवाज वाढवला की ते लगेच वाकत.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादक तक्रारी घेऊन येत आणि ते वर्धक सुधारत. त्यांच्या कंपनीच्या १९६३ च्या ‘ट्विन रिव्हर्ब’मध्ये ८५ वॅट शक्ती, बारा-बारा इंचांचे दोन स्पीकर आणि ब्लॅक यांचा फीडबॅक हे सारे होते. मोठ्या सभागृहातही तो सहसा फुटत नसे. स्वच्छ आवाज म्हणजे ट्विन, हे समीकरण आजही वादकांच्या डोक्यात पक्के आहे.

अभियंते असे सरळ रेषेच्या मागे लागलेले असतानाच वादकांना वाकड्या रेषेची गोडी लागत होती. १९५१ साली मेंफिसमध्ये ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा गिटारच्या वर्धकाचा स्पीकर खराब झालेला होता. त्यात कागद कोंबून वेळ निभावली, आणि तो घरघरता आवाजच लोकांना आवडला. लिंक रे यांनी १९५८ च्या ‘रंबल’साठी स्पीकरला मुद्दाम भोके पाडली. १९६० च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रणाच्या टेबलातला एक भाग बिघडला आणि त्यातून निघालेल्या आवाजाची नक्कल करणारी ‘फझ-टोन’ नावाची पेटी १९६२ साली विक्रीला आली. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी त्याच सुमारास फेंडरच्याच एका वर्धकावरून आपला वर्धक बनवायला घेतला. त्याची कीर्ती पुढे झाली ती मात्र तो फुटतो कसा यासाठी. टेलिफोनवाल्यांचा शत्रू संगीताचा मित्र झाला.

यात आपल्याला नवल वाटू नये. तंबोऱ्याची जवारी काढणारा मिरजेचा कारागीर वेगळे काय करतो? रुंद घोडीवर तार सतत घासत राहील अशी घोडी तो तासतो आणि मूळ स्वरात नसलेले वरचे हार्मोनिक जागे करतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली वीणा व तंबोऱ्यावर लिहिताना हेच दाखवले होते. तार जिथे छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा निष्पंद बिंदू असतो, तो नियमाप्रमाणे ऐकू यायला नको. या वाद्यांत तो स्पष्ट ऐकू येतो.

मग स्वच्छ आवाज हवाच कशाला? उत्तर सुरावटीत आहे. २०० हर्ट्‌झचा सा आणि ३०० हर्ट्‌झचा पंचम वाकड्या वर्धकातून एकत्र पाठवा. बेरजा-वजाबाक्या १००, ४००, ५०० अशा येतात. सगळ्या १०० च्या पटीत, म्हणून कानाला गोड. रॉक संगीतात फक्त सा-प वाजवायची पद्धत पडली त्यामागे हे गणित आहे. आता त्यात गंधार मिसळा. गिटारच्या पडद्यांवर तो शुद्ध २५० नसून सुमारे २५२ हर्ट्‌झ असतो. त्याची दुप्पट वजा सा, म्हणजे ३०४ हर्ट्‌झ. हा उपटसुंभ स्वर पंचमाच्या ३०० ला खेटून बसतो आणि सेकंदाला चार विस्पंद ऐकू येतात. असे आणखी डझनभर पाहुणे जमले की पूर्ण कॉर्डचा चिखल होतो. जाझ वाजवणाऱ्यांना म्हणूनच स्वच्छ वर्धक लागतो. रोलँड कंपनीचा १९७५ चा ट्रान्झिस्टरवर चालणारा ‘जेसी-१२०’ त्यासाठीच नावाजला गेला.

संगणकाचा प्रवेश १९९० च्या दशकात झाला. रोलँडचे ‘व्हीजी-८’ १९९५ साली, लाइन सिक्स कंपनीचा ‘अ‍ॅक्ससिस २१२’ १९९६ साली आणि घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा तिचाच ‘पॉड’ १९९८ साली आला. या यंत्रांत संकेताचे सेकंदाला हजारो वेळा मोजमाप होते, प्रत्येक मापाला जुन्या वर्धकाचा वाकडा आलेख गणिताने लावला जातो आणि उत्तर पुन्हा विजेत बदलते. थोडक्यात, ब्लॅक यांनी जे घालवायला आयुष्य वेचले ते आता आकडेमोड करून परत आणायचे!

अडचण इथेच सुरू होते. व्हॉल्व्ह हळूहळू वाकतो, अंक वाकत नाहीत. २४ बिटांच्या मोजमापात सर्वांत मोठी संख्या ८३,८८,६०७. त्यापुढे भिंत. जोरात छेडलेल्या तारेचा पहिला क्षण सरासरीच्या कितीतरी पट उंच असतो. तो भिंतीवर आदळला की लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि पुढचे मॉडेल कितीही चांगले असले तरी ती जखम भरत नाही. उपाय स्वस्त आहे. आत येणारी पातळी निम्मी करा, खर्च होतो फक्त एक बिट. चोवीसांतले तेवीस पुष्कळ झाले. तरीही बहुतेक मुले सूचक दिवा लाल होईपर्यंत बटण पुढे ढकलतात.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. सेकंदाला ४८,००० मोजमापे घेतली तर २४,००० हर्ट्‌झच्या वरचे काही मांडता येत नाही. ५,००० हर्ट्‌झचा एखादा अंश गणितात वाकवला की त्याचा पाचपट हार्मोनिक २५,००० वर जायला हवा. तिथे जागा नाही, म्हणून तो दुमडून २३,००० वर येतो. सातपट ३५,००० चा १३,००० होतो, नऊपट ४५,००० चा ३,०००. हे ५,००० च्या पटीत नाहीत, म्हणजे संगीताशी त्यांचे नाते नाही. जोरदार गुरगुराटात ते लपतात. स्वच्छ सुरामागे लागलेली हलकी किरकिर मात्र कानाला लगेच खुपते. म्हणून चांगली यंत्रे आतल्या आत मोजमापांची संख्या कित्येक पटींनी वाढवून मगच आलेख लावतात.

आणि तिसरी, आमच्या मते मुख्य गोष्ट : ज्याला आपण स्वच्छ म्हणतो तो आवाज सरळ कधी नव्हताच. ट्विनची स्वरनियंत्रणे मधोमध ठेवली तरी ४००-५०० हर्ट्‌झच्या आसपासचा भाग दबलेला असतो. त्याचा स्पीकर ५,००० हर्ट्‌झच्या पुढे झपाट्याने दुबळा होतो. व्हॉल्व्ह थोडे हार्मोनिक घालतात ते वेगळेच. खरोखर सरळ रेषेचा, घरच्या संगीतयंत्राचा वर्धक गिटारला जोडून पाहा. तार कोरडी, टोचणारी लागते. तेव्हा मॉडेलिंग यंत्रातून क्लीन आवाज काढायचा म्हणजे विरूपण शून्य करायचे नसते, त्यातले नेमके थोडे ठेवायचे असते. मॉडेलचे ‘गेन’ कमी आणि शेवटचा आवाज जास्त, ही पहिली पायरी. यंत्र खऱ्या गिटार-स्पीकरला जोडले असेल तर आतला नकली स्पीकर बंद करावा. एकामागे एक दोन स्पीकर झाले की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो.

घरी हळू आवाजात वाजवताना आणखी एक गफलत होते. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तार टोके कमी ऐकू येतात. बेल प्रयोगशाळेतल्याच फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजले. रात्री खोलीत जुळवलेला आवाज स्नेहसंमेलनाच्या मंचावर धडधडतो आणि टोचतो तो यामुळे. मंचासाठीचा आवाज मंचावरच्या जोराने जुळवावा.

संगणक असलेल्या शाळेत हे दाखवायला गिटारचीही गरज नाही. ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रणालीत २०० आणि ३०० हर्ट्‌झचे दोन स्वर तयार करून एकत्र करा, त्यांचा वर्णपट पाहा, मग ‘हार्ड क्लिपिंग’ लावून पुन्हा पाहा. आधी दोनच उंचवटे होते. आता मुलांना १०० हर्ट्‌झवर, जिथे कुणी काहीच वाजवले नव्हते, तिथे तिसरा उभा राहिलेला दिसेल.