कोरे आकाश, ओस जमीन

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याच्या छायाचित्रांत अनेकांना अध्यात्म जाणवते. ओले डोंगर, ढगांतून उतरणारा उजेड, चौफेर निर्जनता. हे निसर्गाचे देणे, असे म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. डब्लिनच्या विल्यम लॉरेन्स स्टुडिओसाठी रॉबर्ट फ्रेंच यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशभर फिरून काचेच्या हजारो प्लेट्सवर छायाचित्रे टिपली. त्यांतले आकाश बहुधा कोरे, पांढरेफटक आहे, कारण त्या काळच्या प्लेट्सवर निळ्या प्रकाशाचा परिणाम इतका लवकर होई की जमीन नीट उमटेपर्यंत ढग पार पुसले जात. म्हणजे ज्या आकाशाचे आज एवढे कौतुक होते, ते फ्रेंच यांच्या पिढीतल्या छायाचित्रकारांच्या हाती जवळजवळ लागलेच नाही. तरीही ही चित्रे गंभीर वाटतात. मग ते गांभीर्य जमिनीतच शोधायला हवे.

त्या जमिनीवरची माणसे कशी कमी झाली, ते आकडे सांगतात. १८४१च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८० लाखांहून अधिक होती. १८५१ साली ती ६५ लाखांच्या आसपास उरली. बटाट्यावर रोग पडला, दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. ॲकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी बिनछपराच्या दगडी घरांची रांग अजून उभी आहे, भोवतीच्या उतारांवर जुन्या शेतीचे वरंबे आहेत. सारे गाव दुष्काळानेच उठले असे नाही. काही घरे पुढेही गुरे चारणाऱ्यांच्या वापरात होती. पण तिरप्या उन्हात वरंब्यांच्या सावल्या उमटतात तेव्हा छायाचित्रात दिसतात ते माणसांचे कष्टच. जॉन हाइंड यांच्या कंपनीची १९५०च्या दशकापासूनची आयर्लंडच्या दृश्यांची पोस्टकार्डे पाहिली की अशा छायाचित्रांहून त्यांचा वेगळेपणा ध्यानात येतो. रंग गडद केलेले, पुढ्यात ऱ्होडोडेंड्रॉनची फुले. त्यांत कसब मोठे आहे, मन प्रसन्न होते. पण जमिनीवर काय गुदरले याचा मागमूस नाही.

यावर कोणी म्हणेल, आयर्लंडच्याच किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या स्केलिग मायकेलच्या खडकावर ख्रिस्ती साधू दुष्काळाच्या हजारभर वर्षे आधी गेले. एकांताची ओढ या भूमीत जुनीच आहे. आक्षेप वजनदार आहे. पण त्या खडकाच्या छायाचित्रातही नजर खिळते ती साधूंनी रचलेल्या दगडी झोपड्यांवर आणि शेकडो पायऱ्यांवर. फरक इतकाच की त्यांनी एकांत निवडला होता, ॲकिलकरांवर तो लादला गेला. नुसत्या चित्रावरून हा फरक कळत नाही. म्हणून अशा छायाचित्राखाली जागेच्या नावासोबत तिथली वस्ती कधी आणि का उठली, हेही छापलेले असावे.